एक ज्यू, एक नाही: आंतरधर्मीय कुटुंबं आणि अमेरिकेतली सिनेगॉग

आपल्याकडे देवळात जायला नाव नोंदवावं लागत नाही. अमेरिकेतल्या सिनेगॉगची रीत वेगळी आहे. प्रार्थनेला कुणीही येऊन बसू शकतं, पण तिथलं होऊन राहायचं तर कुटुंबाने सभासद व्हायचं, वर्षाची वर्गणी भरायची, मुलांना रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात घालायचं, जमेल तसं एखाद्या समितीवर काम करायचं. रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचा, पगार, शिक्षकांचं मानधन, छपराची डागडुजी हे सगळं त्या वर्गणीतून आणि देणग्यांतून चालतं. म्हणून तिथे सभासदत्वाचा अर्ज असतो. त्यात नाव-पत्त्याबरोबर प्रत्येकाचं हिब्रू नाव, आईवडिलांची हिब्रू नावं, ज्यांची पुण्यतिथी पाळायची त्या नातलगांची यादी अशी माहिती मागितलेली असते. बायको ज्यू आणि नवरा कॅथलिक, किंवा नवरा ज्यू आणि बायको हिंदू असं जोडपं हा अर्ज भरायला बसलं की एका बाजूचे रकाने भरतात आणि दुसऱ्या बाजूचे कोरे राहतात. मग पुढचे प्रश्न येतात. वर्गणी दोघांच्या कमाईतून जाणार, पण सभासद दोघंही की एकच? वार्षिक सभेत मत दोघांना की एकाला? या प्रश्नांची उत्तरं कार्यालयातल्या बाईंना फोनवर ठाऊक नसतील, तर त्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी कळतं की आपला विचार इथे कुणी केलेला नाही.

अशी कुटुंबं थोडी असती तर प्रत्येकाचं वेगळं बघता आलं असतं. प्यू या संशोधनसंस्थेच्या २०२०च्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या विवाहित ज्यूंपैकी ४२ टक्के लोकांचा जोडीदार ज्यू नाही. १९८०च्या आधी लग्न झालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. २०१०नंतर लग्न केलेल्यांत ते ६१ टक्के आहे. कट्टर धर्मपालन करणाऱ्या ऑर्थोडॉक्स ज्यूंमध्ये अशी लग्नं जवळजवळ होतच नाहीत, दोन टक्के एवढीच. त्यांना बाजूला ठेवून बाकीच्यांचा हिशेब केला तर अलीकडच्या लग्नांत हा आकडा ७२वर जातो. म्हणजे ऑर्थोडॉक्स सोडून बाकीच्यांच्या अलीकडच्या लग्नांत दोघंही ज्यू असलेलं जोडपं अल्पसंख्य आहे.

गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिथे या विषयावर वाद झाले, ठराव झाले, संस्था उभ्या राहिल्या. त्या सगळ्यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. दारावर 'सर्वांचं स्वागत' असा फलक लावल्याने स्वागत होत नाही. माणूस अडखळतो ते ठरावीक जागी: लग्नाच्या वेळी, मुलाचं नाव ठेवताना, तेराव्या वर्षीच्या विधीत, दफनभूमीत. त्या जागी काय करायचं हे सिनेगॉगने आधी ठरवलेलं असावं, लिहून ठेवलेलं असावं आणि विचारायच्या आत सांगितलेलं असावं. उत्तर 'हो' आहे की 'नाही' याच्याइतकंच ते केव्हा आणि कसं कळलं याला महत्त्व आहे.

मिश्र लग्नांना असलेल्या नकाराची मुळं खोल आहेत आणि त्यांची थट्टा करण्यासारखं त्यांत काही नाही. परक्या लोकांशी सोयरीक नको ही आज्ञा तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातच आहे. बॅबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्या ज्यूंना एज्राने परक्या बायका सोडायला लावल्या ही हकिगतही बायबलात आहे. त्याच ग्रंथात मोझेसची बायको सिप्पोरा मिद्यानी आहे. आणि सासूची साथ न सोडणारी मवाबी रूथ ही दाविद राजाची पणजी आहे, तिची गोष्ट दरवर्षी शावुओतच्या सणाला सिनेगॉगमध्ये वाचली जाते. बायबलच्या काळी वंश बापावरून मोजला जाई. पुढे रब्बींनी आईवरून मोजायचा नियम केला. साधारण सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहात तो सापडतो. त्यानंतर शेकडो वर्षं ज्यू समाज परक्यांच्या राज्यात, बहुधा त्यांच्या मेहेरबानीवर जगला. लग्न बाहेर करणं म्हणजे बहुतेक वेळा समाज सोडून जाणं होतं. मग विसाव्या शतकात युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले. त्यातून वाचलेल्या आजीला नातवाची ख्रिस्ती नवरी दिसते तेव्हा तिच्या मनात काय येत असेल, ते समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. मुलाने बाहेर लग्न केलं म्हणून जिवंतपणीच त्याचं सुतक धरणारे, म्हणजे 'शिव्हा'चे सात दिवस जमिनीलगत बसून काढणारे आईबाप अमेरिकेत होते.

म्हणून २ डिसेंबर १९७८ रोजी ह्यूस्टनमध्ये अलेक्झांडर शिंडलर जे बोलले त्याचं वजन मोठं होतं. शिंडलर हे रिफॉर्म या उदारमतवादी प्रवाहाच्या सिनेगॉगांच्या मध्यवर्ती संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष. जन्म म्यूनिकचा, लहानपणीच कुटुंबाला नाझींपासून पळून यावं लागलेलं. समाज नष्ट होण्याची भीती त्यांना पुस्तकात वाचावी लागली नव्हती. त्यांनी विश्वस्तांसमोर मांडलं की मिश्र लग्नं होत राहणार. ती आवडोत न आवडोत, त्या जोडप्यांना बाहेर ढकलून आपण फक्त त्यांची मुलं गमावतो, तेव्हा आपण होऊन त्यांच्याकडे जायला हवं. त्यातून या कामासाठी वेगळा विभाग सुरू झाला. १९८३मध्ये रिफॉर्म रब्बींच्या परिषदेने आणखी मोठं पाऊल उचललं: आई किंवा वडील, दोघांपैकी एक ज्यू असेल आणि मूल ज्यू म्हणून वाढत असेल, म्हणजे नामकरण, शिक्षण, बार मित्झ्वा हा तेराव्या वर्षीचा विधी अशा उघड कृतींतून ते दिसत असेल, तर ते मूल ज्यू. रिकन्स्ट्रक्शनिस्ट हा छोटा प्रवाह इथे १९६८मध्येच पोचला होता. मधल्या वाटेच्या कॉन्झर्व्हेटिव्ह आणि कट्टर ऑर्थोडॉक्स प्रवाहांनी मात्र आईचाच नियम ठेवला.

मुंबईकरांना हा वाद उलट बाजूने ओळखीचा आहे. रतनजी दादाभॉय टाटांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केलं, तिचा नवजोत हा पारशी धर्मदीक्षेचा विधी केला, आणि ती पारशी झाली का हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. १९०८च्या त्या निकालात न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी पारशी बापाच्या, धर्मात रीतसर घेतलेल्या मुलांना पारशी मानलं. पारशांत बाप, ज्यूंत आई. सुझानचे चिरंजीव म्हणजे जेआरडी.

१९८३च्या ठरावाचा एक परिणाम सिनेगॉगांनी पालकांपासून लपवता कामा नये. ज्यू बाप आणि बिनज्यू आई यांचं मूल रिफॉर्म सिनेगॉगमध्ये पूर्ण ज्यू असतं, पण पुढे त्याला कॉन्झर्व्हेटिव्ह रब्बींकडून लग्न लावून घ्यायचं असेल किंवा इस्राएलमध्ये रब्बींच्या पीठाकडे विवाह नोंदवायचा असेल, तर तिथे ते ज्यू धरलं जात नाही. हे पंचविसाव्या वर्षी कळणं फार वाईट. माझ्या मते चांगला रब्बी तो, जो बाळ पाळण्यात असतानाच आईवडिलांना समोर बसवून हे सांगतो. हवं असल्यास तान्हेपणीच मिक्वेत, म्हणजे विधिस्नानाच्या कुंडात, बाळाला नेऊन रीतसर धर्मात घेता येतं हेही सांगतो, आणि मग निर्णय त्यांच्यावर सोडतो. त्यावरही ऑर्थोडॉक्स मान्यता मिळेलच असं नाही, एवढं स्पष्ट करूनच.

सगळ्यात जास्त अवघडलेपण असतं ते बार मित्झ्वाच्या सकाळी. मुलगा तेरा वर्षांचा झाला (मुलीसाठी बात मित्झ्वा) की तो शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाच्या, प्रार्थनेत सगळ्यांसमोर तोराच्या गुंडाळीतून वाचतो. बऱ्याच सिनेगॉगांत वाचनाआधी तोराची गुंडाळी आजी-आजोबांच्या हातून आईवडिलांच्या हाती आणि त्यांच्या हातून मुलाच्या हाती दिली जाते. पिढ्यांची साखळी डोळ्यांना दिसावी हा हेतू. आता या साखळीत ज्यू नसलेली आई कुठे उभी राहणार? तिचे, चर्चला जाणारे आईवडील कुठे? मुलाला वर्षानुवर्षं दर रविवारी सकाळी आणि आठवड्यात एका संध्याकाळी हिब्रूच्या वर्गाला गाडीने सोडणारी, पाठांतर घेणारी, शब्बाथच्या मेणबत्त्या विसरू न देणारी बहुतेक वेळा तीच असते. तिने स्वतःचा धर्म सोडलेला नाही, पण मूल दुसऱ्या धर्मात वाढवायला ती कबूल झाली आहे. ही लहान गोष्ट नव्हे. कुणीही आपल्या लेकराला आपल्या देवाऐवजी दुसऱ्याच्या परंपरेच्या हाती सोपवताना काय देतं याचा विचार केला, तर अशा पालकाशी समाजाने किती जपून वागायला हवं ते ध्यानात येईल. आणि नेमकं तिलाच रंगीत तालमीच्या दिवशी सांगितलं जातं की, 'तुम्ही खाली पहिल्या रांगेत बसा.'

यातली धार्मिक अडचण खरी आहे. तोरा वाचनाच्या आधी जो आशीर्वाद म्हणतात, त्यात देवाने 'आम्हाला' निवडलं आणि 'आम्हाला' तोरा दिली असे शब्द आहेत. ज्यू नसलेल्या माणसाने ते म्हटले तर ते त्याच्यापुरते खरे होत नाहीत. काही बिनज्यू पालकांनाही ते म्हणणं खोटं वाटतं. पण व्यासपीठावर, ज्याला बिमा म्हणतात, उभं राहणं आणि तो आशीर्वाद म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक सिनेगॉगांनी ही गाठ सोडवली आहे. ज्यू पालक आशीर्वाद म्हणतो आणि दुसरा पालक शेजारी उभा राहतो. किंवा ती आई आपल्या भाषेत मुलाला दोन शब्द सांगते, इंग्रजीतली एखादी प्रार्थना वाचते. तोरा ठेवलेल्या कपाटाचा पडदा उघडण्याचा मान दुसऱ्या बाजूच्या आजी-आजोबांना देतात. काही ठिकाणी साखळीत दोन्ही घरची माणसं उभी असतात, काही ठिकाणी फक्त ज्यू नातलग. मी स्वतः पहिल्या बाजूचा आहे. तरी दुसरी पद्धत पाळणारं सिनेगॉग निर्दयच असतं असं मी म्हणणार नाही. ते कुटुंबाला हे कधी सांगतं यावर सगळं अवलंबून आहे. बार मित्झ्वाची तारीख दोन-तीन वर्षं आधी ठरते. तारखेबरोबरच कोण कुठे उभं राहील हेही सांगता येतं.

त्या सकाळी सभागृहात अर्धे पाहुणे असे असतात ज्यांनी आयुष्यात सिनेगॉग पाहिलेलं नसतं. पुस्तक उजवीकडून उघडतं, डोक्यावर किप्पा ही छोटी टोपी घालायची का, शब्बाथला फोटो काढायचे नसतात, कधी उभं राहायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दोन पानांची पुस्तिका, हिब्रूच्या खाली रोमन अक्षरांत उच्चार, आणि व्यासपीठावरून अधूनमधून पान क्रमांकाचा पुकारा, एवढ्याने मुलाच्या आईकडची माणसं तीन तास परक्यासारखी बसत नाहीत. खर्च जवळपास शून्य. तरी ही गोष्ट फार ठिकाणी राहून जाते.

कॅलिफोर्नियातल्या लॉस आल्टोस हिल्स इथल्या बेथ अॅम सिनेगॉगमध्ये रब्बी जॅनेट मार्डर यांनी २००४च्या योम किप्पुरला एक वेगळीच गोष्ट केली. योम किप्पुर हा ज्यू वर्षातला सर्वांत पवित्र दिवस. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू त्याला दारफाळणीचा सण म्हणत आले. त्या दिवशी सिनेगॉग खच्चून भरतं. मार्डर यांनी सभासदांच्या बिनज्यू जोडीदारांना वर बोलावलं, मुलांना ज्यू म्हणून वाढवल्याबद्दल सगळ्या समाजाच्या वतीने त्यांचे आभार मानले आणि त्यांना आशीर्वाद दिला. त्यांनी धर्मांतर करावं असं त्यात कुठे सुचवलेलं नव्हतं. पुढे बऱ्याच रब्बींनी हा प्रघात उचलला. वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला त्याचं ऋण मोठ्याने कबूल केलेलं ऐकू येणं, याची जागा दुसरा कुठलाही उपक्रम घेऊ शकत नाही.

लग्नाच्या वेळचा नकार माणसं आयुष्यभर विसरत नाहीत. रिफॉर्म रब्बींच्या परिषदेने १९०९मध्ये मिश्र विवाहाविरुद्ध ठराव केला, १९७३मध्ये तो आणखी कडक केला. पण ठराव सदस्यांवर बंधनकारक नसल्याने प्रत्येक रब्बी आपापलं ठरवतो, आणि आज अनेक रब्बी अशी लग्नं लावतात. कॉन्झर्व्हेटिव्ह रब्बींना मनाई आहे. मॅनहॅटनमधल्या 'ब्नाय जेशुरुन' या १८२५ सालच्या जुन्या सिनेगॉगने मात्र २०१७मध्ये जाहीर केलं की जोडपं ज्यू घर उभं करायला आणि मुलांना ज्यू म्हणून वाढवायला तयार असेल तर आमचे रब्बी लग्न लावतील. २०१०मध्ये चेल्सी क्लिंटन आणि मार्क मेझविन्स्की यांचं लग्न एका रब्बींनी आणि एका मेथडिस्ट पाद्रींनी मिळून लावलं, तेव्हा दोन्ही बाजूंनी खूप लिहिलं गेलं. त्यातला एक आक्षेप होता की लग्न शनिवारी सूर्यास्ताआधी, म्हणजे शब्बाथ संपायच्या आत लागलं.

हिंदू-ज्यू लग्नांत आणखी एक पदर असतो. मूर्तिपूजेचा निषेध दहा आज्ञांमध्येच असल्यामुळे, एरवी मिश्र लग्न लावणारा रब्बीही गणपतीपूजन आणि ज्यू विधी एकाच मांडवात करायला कचरतो. बरीच कुटुंबं म्हणून दोन विधी वेगवेगळ्या वेळी करतात. दोन्हीकडचे नातलग मग आपणहून साम्यं शोधू लागतात: ज्यू लग्नातला हुप्पाही चार खांबांवरचं छत, मांडवही, तिकडे सात आशीर्वाद, इकडे सात पावलं. कमला हॅरिस आणि डग एमहॉफ यांच्या २०१४च्या लग्नात तिने त्याला हार घातला आणि त्याने ज्यू रिवाजाप्रमाणे पायाखाली काच फोडली.

आपल्या तत्त्वांमुळे लग्न लावू न शकणाऱ्या रब्बीला ते लावायला भाग पाडावं असं मला वाटत नाही. पण नकार देण्याच्याही रीती असतात. ई-मेलने एका ओळीत कळवणं ही एक. समोर बसवून कारण सांगणं, लग्नाआधी चार वेळा भेटून घर, मुलं, सण यांविषयी बोलणं, लग्न लावू शकेल अशा दुसऱ्या रब्बीचं नाव देणं आणि लग्नानंतर पहिल्या शब्बाथला जेवायला बोलावणं ही दुसरी. एडमंड केस यांनी २००१मध्ये बॉस्टनजवळ सुरू केलेल्या 'इंटरफेथ फॅमिली' या संस्थेने तर अशा जोडप्यांना रब्बी शोधून देण्याची सेवाच चालवली. आता ही संस्था 'एटीन डोअर्स' नावाने काम करते आणि सिनेगॉगांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणही देते. संकेतस्थळावरची भाषा, अर्जातले रकाने, फोन उचलणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य इथपासून त्याची सुरुवात असते. १९८७मध्ये समाजशास्त्रज्ञ एगॉन मेयर यांनी उभ्या केलेल्या 'ज्युइश आउटरीच इन्स्टिट्यूट'ने दुसऱ्या धर्मातल्या पण ज्यू मुलं वाढवणाऱ्या आयांसाठी 'मदर्स सर्कल' हे वर्ग चालवले. पासओव्हर सणाचं जेवण कसं मांडायचं, मेणबत्त्या लावताना काय म्हणायचं, सासूशी याविषयी कसं बोलायचं हे तिथे शिकवलं जाई. सिनेगॉगांनी उचलण्यासारखं सर्वांत व्यवहारी काम मला हेच वाटतं, कारण घरात सण कोण करणार यावर पुढची पिढी ठरते.

दफनभूमीचा विषय कुणी काढत नाही, म्हणून तो सर्वांत जास्त दुखावतो. ज्यू दफनभूमी परंपरेने फक्त ज्यूंसाठी. पन्नास वर्षं संसार केलेल्या जोडप्यातल्या एकाला कुंपणाबाहेर जागा घ्यावी लागणं म्हणजे काय, ते दुःखाच्या दिवशी कळतं. रिफॉर्म दफनभूमींत बिनज्यू जोडीदाराला सहसा शेजारी जागा मिळते. अट एवढीच की दगडावर क्रूस किंवा दुसऱ्या धर्माचं चिन्ह नको आणि दुसऱ्या धर्माचा विधी तिथे नको. काही कॉन्झर्व्हेटिव्ह समाजांनी पायवाट किंवा झुडपांची रांग आखून मिश्र कुटुंबांसाठी वेगळा भाग केला आहे. नियम काहीही असो, तो सभासद होतानाच हातात पडायला हवा. मृत्यूनंतरच्या चोवीस तासांत, कारण ज्यू दफन लवकर करायचं असतं, समितीची बैठक बोलावून हा निर्णय घेणं क्रूर आहे.

मर्यादा घालणं आणि स्वागत करणं यांत विरोध नाही, हे शाळेच्या उदाहरणात चांगलं दिसतं. काही कुटुंबं मुलांना दोन्ही धर्म शिकवतात. वॉशिंग्टन परिसरात अशा कुटुंबांनी स्वतःचे वर्गच काढले आहेत, आणि सुझन कॅट्झ मिलर यांचं २०१३चं पुस्तक या वाटेची बाजू मांडतं. रिफॉर्म संघटनेने मात्र १९९५मध्ये ठराव केला की दुसऱ्या धर्माचं औपचारिक शिक्षण घेणाऱ्या मुलांना सिनेगॉगांनी आपल्या शाळेत घेऊ नये. मला हा ठराव योग्य वाटतो. सिनेगॉग ज्यू शिक्षणासाठी आहे, आणि सात वर्षांच्या मुलाला रविवारी सकाळी एक आणि दुपारी दुसरं सत्य शिकवून निवड त्याच्यावर टाकणं त्याच्यावर अन्याय आहे. पण घरात नाताळचं झाड असणं म्हणजे औपचारिक शिक्षण नव्हे. आजीच्या घरी झाड सजवून आलेल्या मुलाला वर्गात 'आपण असं करत नाही' म्हणून गप्प करणारा शिक्षक त्या मुलाच्या आजीलाच परकं ठरवत असतो. शिक्षकांना हे सांगावं लागतं, दर डिसेंबरला सांगावं लागतं.

या सगळ्याने फरक पडतो का? १९९०च्या राष्ट्रीय पाहणीने अलीकडच्या लग्नांपैकी निम्म्याहून जास्त मिश्र असल्याचं सांगितलं, तेव्हा समाजात हाहाकार उडाला होता. आकडा फुगलेला होता हे पुढे दाखवलं गेलं, पण दिशा खरी होती. येत्या दोन पिढ्यांत काही उरणार नाही असं बोललं गेलं. २०१३च्या प्यूच्या पाहणीत वेगळं चित्र निघालं: एकच पालक ज्यू असलेल्यांपैकी पासष्टीच्या पुढच्या वयोगटात २५ टक्के लोक स्वतःला ज्यू म्हणवत होते, तर तिशीच्या आतल्यांत ५९ टक्के. सगळं श्रेय सिनेगॉगांना देता येणार नाही. अमेरिकेत ज्यू असणं तोवर लपवावंसं वाटेनासं झालं होतं हेही कारण आहे. पण दार उघडं होतं त्या काळात वाढलेली ही पिढी आहे, हे नाकारता येत नाही.

रक्ताच्या शंकेवरून माणसाला बाजूला बसवणं काय असतं, हे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. कोकणातल्या बेने इस्राएलांमध्ये गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असे दोन गट होते. काळे म्हणजे स्थानिक बायकांपासून झालेली संतती असं मानलं जाई, त्यांच्याशी बेटीव्यवहार नसे आणि त्यांना वेगळं वागवलं जाई. मुंबईतले बगदादी ज्यू तोच संशय सगळ्याच बेने इस्राएलांवर घेत आणि प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांना धरत नसत. पुढे इस्राएलला गेलेल्यांना १९६०च्या दशकात कळलं की लग्न नोंदवताना बेने इस्राएलांच्या पूर्वजांची पिढ्यान्पिढ्या चौकशी करा असे आदेश रब्बींच्या मुख्य पीठाने काढले आहेत. त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४मध्ये इस्राएलच्या संसदेला ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर करावं लागलं. उदारमतवादी वाटही इथे जुनीच: मुंबईत 'ज्युइश रिलिजियस युनियन' १९२५मध्येच निघाली होती. तिच्यामागे डॉ. जेरुशा झिराड होत्या, मुंबईतल्या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ. लंडनमध्ये शिकताना त्यांनी तिथलं उदारमतवादी सिनेगॉग पाहिलं होतं.

धर्मांतराबद्दलही सिनेगॉगांना तोल सांभाळावा लागतो. सतत सुचवत राहिलं तर जोडीदाराला वाटतं की आपण आहोत तसे नको आहोत. कधीच विषय काढला नाही तर वीस वर्षं मनात असलेली इच्छा बोलायला त्याला जागा मिळत नाही. वर्षातून एकदा व्यासपीठावरून, कुणाकडे न बघता, 'वाट खुली आहे, घाई नाही' एवढं सांगणारे रब्बी मला बरोबर वाटतात. बॉस्टनजवळच्या न्यूटनमधलं 'मायिम हायिम' हे मिक्वे लेखिका अनिता डायमंट यांच्या पुढाकाराने २००४मध्ये उभं राहिलं, ते अशा माणसांना संकोच न वाटता येता यावं म्हणूनच.

आणि जी मुलं या कुटुंबांत वाढली ती आता पुढे आली आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल सिनेगॉगच्या मुख्य रब्बी अँजेला बुकडाल यांचा जन्म सोलमधला, आई कोरियन बौद्ध, वडील अमेरिकन ज्यू. तरुणपणी आपण खऱ्या ज्यू आहोत की नाही या शंकेने त्यांना छळलं, आणि एकविसाव्या वर्षी त्यांनी मिक्वेत जाऊन आपलं ज्यूपण विधिपूर्वक पक्कं केलं. रिफॉर्म रब्बी घडवणाऱ्या हिब्रू युनियन कॉलेजने २०२४मध्ये, ज्यांचा जोडीदार ज्यू नाही अशा विद्यार्थ्यांवरची बंदी उठवली.

एक काम मात्र अजून बऱ्याच ठिकाणी सुरूही झालेलं नाही. ज्यू सभासदाचा बाप वारला की सिनेगॉगची माणसं आठवडाभर जेवण पोचवतात, शिव्हाला घरी जमतात, शुक्रवारच्या प्रार्थनेत कद्दीशच्या, म्हणजे मृतांसाठी म्हणायच्या प्रार्थनेच्या, आधी मृताचं नाव वाचलं जातं. तीस वर्षं वर्गणी भरणाऱ्या कॅथलिक सुनेचा बाप दुसऱ्या गावी वारला, तर? त्याचं दफन चर्च करेल, विधी चर्चचे असतील, त्यात सिनेगॉगने पडायचं कारण नाही. पण ती परत येते ती याच गल्लीत, याच माणसांत. तिला डबा जायला हवा, रब्बींचा फोन जायला हवा, आणि तिने होकार दिला तर त्या शुक्रवारच्या यादीत तिच्या वडिलांचं नाव असायला हवं. काही रिफॉर्म सिनेगॉग हे करतात. अर्जातल्या पुण्यतिथींच्या रकान्यात फक्त ज्यू नातलगांची नावं लिहायची असं कुठे छापलेलं असेल, तर ती ओळ पुढच्या छपाईत काढून टाकता येते.